सैल मूठ आणि गळालेले धनुष्य

मराठी भाषेत ढिलेपणाला चांगले म्हणण्याची रीत नाही. कामाला लागणारा मनुष्य कंबर कसतो, निश्चयी मनुष्य मूठ आवळतो, संकटात सापडलेला दातओठ खाऊन झुंजतो. आणि ज्याच्या हातून काहीच होत नाही त्याला लोक ढिला म्हणतात. आपल्या बोलण्यातील पुरुषार्थाची बहुतेक वर्णने अशी ताणलेल्या स्नायूंची वर्णने आहेत. उलट गीता ज्या कर्मयोग्याचे चित्र रंगविते त्याच्या ठिकाणी धैर्य आहे, उत्साह आहे, परंतु ताण कोठेच दिसत नाही. तो कर्म करतो, पण कर्माला चिकटत नाही. यश आले म्हणून तो फुगत नाही आणि अपयश आले म्हणून खचत नाही. तेव्हा असा प्रश्न उत्पन्न होतो की, घट्ट धरल्यावाचून कार्य सिद्धीस जात नाही हा लोकांचा अनुभव खरा, की सोडल्यावाचून कर्म शुद्ध होत नाही हा गीतेचा सिद्धान्त खरा? दोन्ही खरे असतील तर एकाच हाताने धरावे कसे आणि सोडावे कसे?

हा प्रश्न ग्रंथांत जितका सोडविला गेला आहे तितकाच तो हातांत सोडविला गेला पाहिजे. कारण धरणे आणि सोडणे या मूळच्या हाताच्याच क्रिया होत. मनाने त्या हाताकडून उसन्या घेतल्या आहेत. म्हणून येथे एका खेळाचा दृष्टान्त घ्यावयाचा आहे, ज्या खेळात मूठ सैल कशी ठेवावी हेच मुख्य शिकणे असते. तो खेळ म्हणजे गोल्फ.

गीतेच्या वाचकाला हा दृष्टान्त प्रथमदर्शनी रुचणार नाही. हा श्रीमंतांचा खेळ, त्याचा आणि कर्मयोगाचा संबंध काय, असे तो विचारील. परंतु शास्त्रकारांनी दृष्टान्त निवडताना त्याचे कुळ पाहिलेले नाही. दोरी आणि साप, शिंप आणि रुपे, कुंभाराचे चाक आणि मडके यांच्याच आधाराने वेदान्त उभा राहिला आहे. दृष्टान्त कोठून आला हे न पाहता तो काय दाखवितो एवढेच पाहावे.

दिल्लीत हा खेळ जुना आहे. जेथे जुन्या राजवटींच्या कबरी व घुमट विखुरलेले आहेत अशा भूमीवर १९३० नंतरच्या दशकात एक मैदान आखले गेले आणि १९५० साली त्याला दिल्ली गोल्फ क्लब हे रूप मिळाले. लाल बंगला नावाची मोगलकालीन वास्तू आजही त्या हिरवळीत उभी आहे. दोहो बाजूंना दाट झुडपे आणि मधून अरुंद वाट, अशी तेथील रचना असल्यामुळे फटका थोडा वाकडा गेला तरी चेंडू हरवतो. तेथे सभासद होण्यासाठी लोक दशकानुदशके वाट पाहतात. परंतु कुतुबमिनारापासून जवळच लाडो सराय येथे दिल्ली विकास प्राधिकरणाने जे मैदान केले आहे ते सार्वजनिक आहे. सभासद नसलेला सामान्य मनुष्यही शुल्क भरून तेथे काठी हाती घेऊ शकतो.

असा एक गृहस्थ कल्पावा. तो मूळचा सातारा-सांगलीकडचा, पण नोकरीसाठी दिल्लीला आला आणि तेथेच राहिला. मंत्रालयातील एका खात्यात त्याने पस्तीस वर्षे काढली. कागदावरील चूक सर्वांच्या आधी त्याला दिसावयाची. त्याच्या हाताखालून गेलेली टिपणे निर्दोष असत, आणि ती तशी असावीत म्हणून तो रात्री अकरापर्यंत बसे. आता तो निवृत्त झाला आहे. डॉक्टरांनी चालावयास सांगितले म्हणून एक स्नेही त्याला लाडो सरायला घेऊन जातो. तेथला शिक्षक त्याच्या हाती काठी देतो, आणि पहिल्याच दिवशी सांगतो, "साहेब, मूठ सैल करा." गृहस्थ मूठ सैल करतो, परंतु काठी वर गेली की ती आपोआप आवळली जाते. काठी चेंडूच्या अलीकडेच मातीत रुतते. दुसऱ्या वेळी तो अधिक जोर लावतो, आणि चेंडूच्या नुसत्या माथ्याला स्पर्श होऊन तो चार हातांवर घरंगळतो. जोर वाढावा तसे अंतर कमी व्हावे, हा अनुभव त्याच्या पस्तीस वर्षांच्या हिशेबात बसत नाही.

या खेळाचे एक वैशिष्ट्य येथे ध्यानात घेतले पाहिजे. क्रिकेटमध्ये चेंडू अंगावर येतो. विचार करावयास वेळच नसतो. विटीदांडूतही विटी उडाली की तिच्यामागे हात जातो. गोल्फमध्ये चेंडू जमिनीवर निश्चल पडलेला असतो. तो खेळणाऱ्याची वाट पाहतो, आणि त्या वाट पाहण्याच्या अवकाशात मनुष्याचे मन आपला सर्व पसारा मांडते. मागचा फटका कसा फसला, आता लोक काय म्हणतील, खांदा किती वळवावा, कोपर कोठे ठेवावे, हे सर्व त्या दोन-चार क्षणांत गर्दी करून उभे राहते. प्रतिपक्षी कोणी नाही आणि चेंडू हलतही नाही. तेव्हा दोष द्यावयास आपल्यावाचून दुसरे कोणी सापडत नाही. या अर्थाने हा एकट्याने लढावयाचा खेळ आहे.

आता त्या फटक्यात प्रत्यक्ष काय घडते ते पाहू. काठी मागे व वर नेण्यास जो वेळ लागतो त्याच्या सुमारे एकतृतीयांश वेळात कसलेल्या खेळाडूची काठी खाली येते. हा खाली येण्याचा काळ सुमारे पाव सेकंद असतो. काठीचे टोक आणि चेंडू यांचा स्पर्श तर सेकंदाच्या सुमारे दोन-हजाराव्या भागाएवढाच टिकतो. काही पाहून, त्यावर निर्णय करून हात हालविण्यास मनुष्याला साधारणपणे एकपंचमांश सेकंद लागतो. याचा अर्थ असा की, काठी खाली येऊ लागली म्हणजे कर्त्याला तिच्यात विचारपूर्वक सुधारणा करण्यास अवसरच उरत नाही. जे करावयाचे ते आधी करून झालेले असले पाहिजे. त्यानंतर जो हस्तक्षेप करू पाहतो त्याच्या हातून सुधारणा होत नाही, केवळ बिघाड होतो.

मूठ आवळली की आणखीही एक अनर्थ होतो. हाताला वाकविणारे आणि सरळ करणारे स्नायू परस्परांच्या विरुद्ध काम करणारे आहेत. भीतीने किंवा हव्यासाने मूठ आवळली असता दोन्ही एकाच वेळी ओढू लागतात, मनगट जखडते, आणि मनुष्याची अर्धी शक्ती दुसऱ्या अर्ध्या शक्तीशी लढण्यात खर्ची पडते. बाहेरून पाहणाऱ्याला फार जोर लागलेला दिसतो. करणाऱ्यालाही तसेच वाटते. परंतु तो जोर चेंडूपर्यंत पोहोचत नाही. पुष्कळ घरांत व पुष्कळ कचेऱ्यांत दिवसभर जो जोर लागलेला दिसतो त्याचीही गत बहुधा अशीच असते.

याचे मर्म आपल्या शेतकऱ्याच्या मुलाला न शिकविता कळते. जोंधळा भरात आला म्हणजे माळ्यावर उभा राहून तो गोफण फिरवितो. गोफणीची दोरी पुढे ढकलता येत नाही. ढकलली तर ती लोळागोळा होते. तिला झोका द्यावा लागतो, झोका वाढू द्यावा लागतो, आणि नेमक्या क्षणी एक पदर सोडावा लागतो. धोंडा सुसाट जातो तो मुठीच्या आवळण्याने नव्हे. झोक्याने आणि सोडण्याने जातो. अर्नेस्ट जोन्स नावाच्या इंग्रज गोल्फशिक्षकाने हेच तत्त्व वेगळ्या रीतीने दाखविले. पहिल्या महायुद्धात १९१६ साली त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. तरीही तो खेळत राहिला, आणि एका पायावर उभे राहूनही फटका चांगला बसतो असे त्याला आढळले. मग ज्या अंगविक्षेपांवर मोठमोठी व्याख्याने होत होती ते मूळ कारण नव्हेत असा त्याने निष्कर्ष काढला. पुढे न्यूयॉर्कमध्ये शिकविताना तो रुमालाच्या टोकाला चाकू बांधून हलवून दाखवी. रुमालाने चाकूला झोका देता येतो. हिसका दिला तर चाकू भलतीकडे जातो. काठीच्या टोकाला झोका द्या, बाकीचे शरीर आपोआप मागे येईल, एवढाच त्याचा उपदेश होता. १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकाचे नावही तेच होते. आपल्या गोफणीत आणि त्या रुमालात तत्त्वतः काहीच भेद नाही.

जोन्सने जे अनुभवाने सांगितले त्याची परीक्षा पुढे मानसशास्त्रज्ञांनी केली. १९९९ साली गाब्रिएल वुल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात काही नवशिक्यांना आपल्या हातांकडे लक्ष द्यावयास सांगितले आणि काहींना काठीच्या झोक्याकडे. ज्यांचे लक्ष काठीकडे होते ते अधिक चांगले शिकले. २००२ साली सायन बायलॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दिसले की, अनुभवी खेळाडूंना स्वतःच्या हालचालीचे बारकाईने निरीक्षण करावयास लावले असता त्यांचा खेळ बिघडला. मन दुसऱ्याच एखाद्या कामात गुंतविले असता तो इतका बिघडला नाही. म्हणजे, कर्म चालू असताना 'मी करतो आहे, मी कसे करतो आहे' हे भान जितके वाढते तितके कर्म खालावते. अहंकार हा आध्यात्मिक उन्नतीच्या आड येतो हे सर्वांनी ऐकलेले आहे. तो साध्या फटक्याच्याही आड येतो, हे येथे मोजून पाहावयास मिळते.

परंतु येथे एक आक्षेप उभा राहतो, आणि तो हलका नाही. सैलपणा जर असा हितकारक, तर आळशी मनुष्य आणि योगी यांत भेद काय? ज्याला चेंडू कोठेही गेला तरी चालते त्याची मूठही सैलच असते. फलाची आस सोडा असे म्हणता म्हणता कर्तव्याचीच आस सुटली तर? दुसऱ्याच्या दुःखाविषयी उदासीन झालेले कित्येक लोक आपल्या उदासीनतेला अनासक्ती असे नाव देतात, हे पाहण्यात येत नाही काय?

याचे उत्तर गीतेच्या आरंभीच्या प्रसंगातच आहे, आणि ते तेथे असून सहसा वाचले जात नाही. पहिल्या अध्यायात अर्जुनाच्या हातून गांडीव गळते. त्याची मूठ सैल झालेली आहे, अंग थरथरत आहे, आणि राज्य नको, सुख नको, विजयही नको, असे तो म्हणतो. शब्दांकडे पाहिले तर हा फलत्यागच आहे. फळ नको असे म्हणणारा शिष्य समोर असताना भगवंतांनी त्याला शाबासकी द्यावयास हवी होती. ती त्यांनी दिली नाही. त्यांनी या अवस्थेला मनाचे दौर्बल्य ठरविले, आणि पुढे सतरा अध्याय समजावीत राहिले. शेवटी तोच अर्जुन, त्याच हाताने, तेच धनुष्य घेऊन उभा राहतो. धनुष्य गळणे आणि धनुष्य सैल हाती धरणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. एकीत पकड मोहाने सुटलेली असते; दुसरीत भीती सुटलेली असते आणि पकड राहिलेली असते.

अठराव्या अध्यायात त्यागाचे जे तीन प्रकार सांगितले आहेत ते या संदर्भात लावून पाहिले म्हणजे विषय स्वच्छ होतो. मोहामुळे कर्म टाकणे हा तामस त्याग. त्यातील मूठ सुस्तीने सुटलेली असते. शरीराला कष्ट होतील या भयाने टाकणे हा राजस त्याग. त्यातील मूठ दुखण्याच्या धाकाने सोडलेली असते. कर्तव्य म्हणून कर्म करावयाचे, पण त्याची आसक्ती व फळ सोडावयाचे, हा सात्त्विक त्याग. यात मूठ सोडलेली नसते आणि आवळलेलीही नसते. संध्येच्या वेळी पळी हाती घेऊन पाणी सोडणाऱ्याची मूठ पाहावी. पळी पडत नाही, आणि ती आवळूनही कोणी धरीत नाही. तेथे हाताला आपले काम पूर्ण ठाऊक असते आणि भीतीचे काही कारण नसते. लाडो सरायचा शिक्षक त्या गृहस्थाजवळ जी मूठ मागतो ती अशी.

याच ठिकाणी लक्ष्य आणि फल यांचा भेदही सांगितला पाहिजे, कारण सर्व घोटाळा या दोहोंच्या मिश्रणाने होतो. गोल्फच्या मैदानावरील छिद्र १०८ मिलिमीटर रुंदीचे असते. जपमाळेच्या मण्यांशी जुळणारी ही संख्या केवळ योगायोगाची आहे. तिच्यावरून कोणतेही गूढ रचण्याचे कारण नाही. परंतु जपमाळेचा मणी ज्या निष्ठेने बोटाखाली घ्यावा त्या निष्ठेने त्या छिद्राकडे पाहावे लागते, यात संशय नाही. सुमारे ४६ ग्रॅम वजनाचा चेंडू शेकडो पावलांवरून अखेर त्या छिद्रात गेला पाहिजे. हे लक्ष्य जो सोडील तो खेळतच नाही. मग सोडावयाचे ते काय? चेंडू छिद्रात गेल्यावर मला काय मिळेल, आणि न गेल्यास माझे काय होईल, हा जो भाग आहे तो सोडावयाचा. लक्ष्य हे कर्माचे अंग आहे. फल हे कर्त्याच्या अहंतेचे अंग आहे. लक्ष्य डोळ्यांसमोर असते तेव्हा हात मोकळा राहतो, आणि फल डोळ्यांसमोर आले की हात आखडतो. गीतेने सोडावयास सांगितले आहे ते फल, लक्ष्य नव्हे.

फलावर आपला पूर्ण हक्क का नाही याचेही कारण त्याच अध्यायात सांगितले आहे. कोणत्याही कर्माची सिद्धी पाच कारणांनी होते. अधिष्ठान म्हणजे कर्माचा आश्रय, दुसरा कर्ता, तिसरी नाना प्रकारची साधने, चौथ्या विविध चेष्टा, आणि पाचवे दैव. जो या पाचांपैकी केवळ स्वतःला पाहतो तो नीट पाहत नाही. दिल्लीच्या मैदानावर हे रोज घडते. ज्या देहाने आणि ज्या भूमीवर उभे राहावयाचे ते अधिष्ठान, खेळणारा तो कर्ता, काठी व हातपाय ही साधने, झोका ही चेष्टा, आणि जूनमधील लू, पावसाळ्यातील ओली माती, किंवा ऐन वेळी झाडाच्या फांदीला लागून चेंडूने घेतलेले वळण हे दैव. उत्तम फटका झुडपात जातो आणि वाईट फटका फांदीवर आपटून हिरवळीवर येतो. पहिल्याने खचू नये आणि दुसऱ्याने फुगू नये, कारण दोन्हींत पाचवा वाटेकरी होता. निवृत्त गृहस्थाला हे विशेष कठीण जाते. त्याच्या कागदांत पाचवे कारण कधी नव्हते, अशी त्याची समजूत आहे. खरे पाहता ते होतेच. त्याची जागा दुसऱ्या कोणाच्या टेबलावर होती एवढेच.

आता दुसरा आक्षेप. प्रयत्नाने सैलपणा येईल कसा? सैल होण्याचा जो अट्टहास करतो तो अधिकच ताठरतो. झोप यावी म्हणून झटणाऱ्याला जशी झोप येत नाही तसेच हे आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत आसनाच्या सिद्धीविषयी बोलताना प्रयत्नशैथिल्य असा शब्द योजिलेला आहे. त्याचा अर्थ नीट पाहिला असता या आक्षेपाचे उत्तर मिळते. प्रयत्न शिथिल व्हावयास आधी प्रयत्न असावा लागतो. ज्याने आसन घातलेच नाही त्याला त्यात शैथिल्य येणार कोठून? प्रथम अभ्यास, मग त्या अभ्यासातील कष्टाचा अंश गळून पडणे, असा क्रम आहे. गीतेनेही मनोनिग्रहाच्या प्रसंगी अभ्यास आणि वैराग्य ही दोन साधने जोडीने सांगितली आहेत. एकट्या वैराग्याने भागते असे म्हटलेले नाही. वर उल्लेखिलेल्या प्रकारच्या प्रयोगांतही असे दिसून आले आहे की, ज्या लक्ष देण्याने कसलेल्या खेळाडूचा खेळ बिघडतो त्याच लक्ष देण्याचा नवशिक्याला उपयोग होतो. बाराखडी गिरविणाऱ्या मुलाने अक्षराच्या प्रत्येक वळणाकडे पाहिलेच पाहिजे. तेच मूल मोठे होऊन पत्र लिहिताना वळणाकडे पाहू लागले तर त्याचे पत्र पुरे होणार नाही. म्हणून शिकताना लक्ष द्यावे आणि करताना विश्वास ठेवावा. आधी जे सावधपणे पेरले आहे त्यावर करण्याच्या क्षणी विसंबावयाचे, याचे नाव सैलपणा. न पेरता विसंबणे हा निव्वळ आळस होय.

तिसरा आक्षेप सर्वांत सूक्ष्म आहे. आज सैलपणाचाही व्यापार चालतो. फळाचा विचार सोडा म्हणजे फळ अधिक मिळेल, असे शिकविणारे थोडे नाहीत. मूठ सैल करा म्हणजे चेंडू वीस पावले पुढे जाईल. आसक्ती सोडा म्हणजे बढती मिळेल. हे तर निष्कामतेचे सोंग घेतलेले कामच झाले! याला गीतेची संमती आहे काय?

येथे दोन गोष्टी सांगावयास पाहिजेत. पहिली अशी की, गीता आरंभाच्या हेतूवरून मनुष्याला दाराबाहेर काढीत नाही. सातव्या अध्यायात भगवंताला भजणारांचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांत आर्त आहे तसा काही मिळावे म्हणून आलेला अर्थार्थीही आहे, आणि त्या सर्वांनाच उदार म्हटले आहे. वीस पावलांच्या लोभाने कोणी मूठ सैल करावयास आला तर त्याने यावे. पण मौज अशी की, तो लोभ मनात असेपर्यंत मूठ सैल होतच नाही. दार उघडण्यासाठी जो लोभ त्याला येथवर घेऊन आला तोच उंबरठ्यावर ठेवल्यावाचून दार उघडत नाही. म्हणून जो खोटेपणाने आरंभ करतो त्यालाही अभ्यास करीत राहिल्यास खरे व्हावे लागते; नाहीतर तो कंटाळून परत जातो.

दुसरी गोष्ट अशी की, खऱ्या आणि सोंगाच्या अनासक्तीची परीक्षा फटक्याच्या लांबीने होत नाही. ती कोणी पाहत नसताना होते. गोल्फमध्ये खेळणाऱ्याच्या मागे पंच पावलोपावली चालत नसतो. आपला दोष आपणच सांगावयाचा असतो. १९२५ साली अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेत बॉबी जोन्स हा हौशी खेळाडू, ज्याच्या सहज व लयदार झोक्याची आजही वाखाणणी होते, एका ठिकाणी चेंडूमागे उभा राहिला असता चेंडू किंचित हलला. ते दुसऱ्या कोणाच्याही दृष्टीस पडले नाही. तरी त्याने स्वतःवर एका फटक्याचा दंड लावून घेतला. स्पर्धेच्या अखेरीस त्याची व विली मॅकफार्लेनची बरोबरी झाली आणि पुढच्या निर्णायक खेळात जोन्स हरला. तो एक फटका त्याने लपविला असता तर बरोबरीचा प्रश्नच आला नसता. या वागण्याबद्दल त्याची स्तुती करणारांना त्याने ती स्तुती करू दिली नाही. चोरी न करण्याबद्दल कोणाला शाबासकी द्यावयाची नसते, असा त्याचा भाव होता. ज्याची मूठ फळावरून खरोखर सुटली आहे त्याला सत्य सांगताना जोर लावावा लागत नाही. सहज झोका आणि सहज सत्य ही एकाच मुळाची दोन फळे आहेत.

गीतेचा आणि या खेळाचा संबंध जोडणारा मनुष्य परदेशातही निघाला. अमेरिकन लेखक स्टीव्हन प्रेसफील्ड याची 'द लेजंड ऑफ बॅगर व्हान्स' ही कादंबरी १९९५ साली निघाली आणि २००० साली तिच्यावर चित्रपट झाला. तिच्यात युद्धाने खचलेला एक खेळाडू आहे. त्याचे आडनाव जूना, आद्याक्षरासह वाचले की अर्जुनाची आठवण देणारे. त्याच्या काठ्यांची पिशवी वाहणारा कॅडी बॅगर व्हान्स हा भगवंतांच्या जागी आहे. ही योजना एका दृष्टीने फार योग्य आहे. कुरुक्षेत्रावर ज्ञान सांगणारा रथात मागे बसलेला नव्हता. तो घोड्यांचे लगाम हाती घेऊन सेवकाच्या जागी बसलेला होता.

दिल्लीच्या मैदानाला हे सत्य कादंबरीवाचून ठाऊक आहे. पिशवी खांद्यावर घेऊन मागे चालणाऱ्या मुलाला प्रत्येक उताराची व प्रत्येक झुडपाची ओळख असते. मालकाचा फटका का फसला हे त्याला मालकाच्या आधी कळते, पण विचारल्यावाचून तो बोलत नाही. अली शेर हा दिल्ली गोल्फ क्लबवर असा कॅडी म्हणून वाढलेला. १९९१ साली त्याने त्याच मैदानावर भारतीय खुली स्पर्धा जिंकली. त्यापूर्वी १९६५ साली पी. जी. सेठी या हौशी खेळाडूने ती जिंकली होती. परंतु व्यावसायिक भारतीय खेळाडूंत अली शेर पहिला. १९९३ साली त्याने ती पुन्हा जिंकली. १९९१ सालचा अर्जुन पुरस्कारही त्याला मिळाला. सारथ्याच्या जागी उभा असलेला मनुष्य अर्जुनाच्या नावाने गौरविला गेला, हा योग लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्याचबरोबर हेही विसरू नये की, पिशवी वाहणाऱ्या सर्वांनाच असे दिवस येत नाहीत. ज्याला दुसऱ्याकडून सैलपणा शिकावयाचा आहे त्याने आधी त्या दुसऱ्याच्या खांद्यावरील ओझ्याकडे पाहावे. एरवी ती अनासक्ती नव्हे, सुखवस्तूपणा होय.

आता त्या गृहस्थाकडे वळू. काही महिने गेले आहेत. त्याचे अंतर फारसे वाढलेले नाही, पण दहांपैकी एखादा फटका असा बसतो की हाताला काही कळतच नाही. फक्त एक स्वच्छ आवाज येतो आणि चेंडू गेलेला असतो. त्या एका फटक्यात आपण काय केले असे तो स्वतःला विचारतो, आणि विचारताच पुढचे नऊ बिघडतात. हळूहळू तो विचारणे सोडतो. याच दिवसांत दूर देशी असलेल्या त्याच्या मुलाचा फोन येतो. त्या मुलाची शाखा, नोकरी, घर, सर्व काही या गृहस्थाने आजवर टिपणासारखे तपासले होते, आणि प्रत्येक तपासणीबरोबर मुलगा थोडा थोडा दूर गेला होता. यात प्रेम नव्हते असे नाही. प्रेम फार होते, आणि ते सर्व मुठीत होते. मुलगा सांगतो, नोकरी सोडण्याचा विचार आहे. गृहस्थाच्या तोंडी नेहमीचे वाक्य येते. तो ते गिळतो आणि विचारतो, "तुला काय वाटते?" पलीकडे बराच वेळ कोणी बोलत नाही.

मुलाचे पुढे काय होईल हे या प्रश्नाने ठरत नाही. तेथेही पाच कारणे आहेत, आणि बाप त्यांतील एक आहे. मुलाचे हित हे लक्ष्य त्याने सोडलेले नाही, आणि सोडूही नये. त्याने सोडली आहे ती एवढीच गोष्ट, की मुलाच्या यशाने आपण यशस्वी ठरावे. धनुष्य त्याच्या हातून गळलेले नाही. पस्तीस वर्षांनंतर प्रथमच ते त्याच्या हातात नीट बसले आहे.

धरावे कसे आणि सोडावे कसे, हा आरंभीचा प्रश्न. दोन्ही एकाच वेळी, एकाच हाताने करता येते. कारण जे धरावयाचे ते वेगळे आणि जे सोडावयाचे ते वेगळे. कर्तव्य धरावे, लक्ष्य धरावे, सत्य धरावे. भय सोडावे, फळाचा हव्यास सोडावा, आणि सर्व काही आपल्याच मुठीने चालले आहे ही समजूत सोडावी. ज्याला हे ग्रंथांतून कळले त्याने ते हाताने करून पाहावे, आणि ज्याला हाताने कळले त्याने ते घरी घेऊन जावे.